पाचव्या थरातला माणूस

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

मी आयुष्यात एका पैशाचंही बिटकॉइन घेतलेलं नाही. बोर्डीला चिकूची वडिलोपार्जित वाडी आहे. बँकेत एक बचत खातं, पोस्टात थोडी ठेव आणि मोबाईलवर यूपीआय, एवढाच माझा आर्थिक पसारा. तरी गेल्या हंगामात एका शनिवारी सकाळी मजुरांचे आठवड्याचे पैसे पाठवायला बसलो आणि पहिलाच व्यवहार फेल. दुसराही फेल. तिसऱ्यांदा केला तेव्हा मेसेज आला की या खात्यातून रक्कम काढता येणार नाही. समोर सात माणसं उभी, त्यातल्या चार बाया तलासरीकडून रोज येणाऱ्या. 'नेटवर्क नाही' असं सांगून वेळ मारून नेली. आमच्याकडे हे कुणालाही खरं वाटतं. समुद्राच्या बाजूला गेलं की फोन पलीकडचा टॉवर पकडतो आणि स्वतःच्या ओट्यावर बसलेल्या माणसाचं गुजरातेत स्वागत करतो. शेजाऱ्याकडून रोख उसने घेतले आणि पगार केला.

सोमवारी शाखेत गेलो. तिथल्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, "काका, हे आम्ही नाही लावलेलं. सायबर पोलिसांकडून आलंय. डेबिट फ्रीज." कुठले पोलीस? तर ज्या राज्यात मी कधी पाऊल ठेवलेलं नाही तिथले. कारण? फसवणुकीचा पैसा माझ्या खात्यात आलाय. "तुम्ही पाचव्या लेअरला आहात."

पाचव्या थराला आमच्याकडे गोविंदा असतो, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

नंतर जे कळलं ते असं. त्या राज्यातल्या एका गृहस्थाला कुणीतरी शेअर बाजारात दामदुप्पट करून देतो म्हणून गंडवलं. त्यांनी १९३० वर तक्रार केली. तक्रार गेली की पैसा कुठून कुठे गेला याची साखळी काढतात. त्यांचे पैसे पहिल्या खात्यात गेले, तिथून दुसऱ्या. ही दोन्ही खाती भाड्याची. चार-पाच हजारांसाठी आपलं पासबुक आणि सिमकार्ड दुसऱ्याच्या हातात देणारी पोरं असतात, आपल्याही तालुक्यात आहेत, नावं घेत नाही. दुसऱ्या खात्यातून पैसे तिसऱ्यात गेले, आणि ते तिसरं खातं आमच्या चिकूच्या व्यापाऱ्याच्या धाकट्या मुलाचं. मुलाने ते बापाच्या दुकानाच्या खात्यात टाकले, तो चौथा थर. शेठने त्यातून माझ्या पंधरा दिवसांच्या मालाचे ३८,४०० रुपये मला दिले. पाचवा थर मी.

शेठचा मुलगा उंबरगावला जीआयडीसीत कामाला आहे आणि फावल्या वेळात मोबाईलवर क्रिप्टोची खरेदी-विक्री करतो. त्याने यूएसडीटी विकले होते. यूएसडीटी म्हणजे डॉलरच्या भावाला बांधलेलं नाणं. हा सौदा 'पीटूपी' पद्धतीने होतो. अ‍ॅपवर दोन अनोळखी माणसं भेटतात, एक बँकेतून रुपये पाठवतो, रुपये आले की दुसरा नाणी सोडतो. पैसे पाठवणाऱ्याचं नाव आणि अ‍ॅपवरचं नाव वेगळं होतं हे मुलाच्या लक्षात आलं होतं, असं त्याने स्वतःच मला सांगितलं. पण भाव दीड रुपया जास्त मिळत होता. काणाडोळा केला. दीड रुपयाने किती थर कोसळले बघा.

इथपर्यंत ही नेहमीची कहाणी आहे. अशी खाती गोठलेले लोक आता प्रत्येक तालुक्यात सापडतील. मला लिहायचंय ते त्याच्या पुढचं.

माझा भाचा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. शनिवार-रविवार जोडून आला होता. मी त्याच्यावरच डाफरलो, "तुमच्या त्या क्रिप्टोमुळे हे सगळं, कुणाचा पत्ता लागत नाही, काळ्या पैशाची सोय!" तो शांतपणे म्हणाला, "मामा, पत्ता लागत नाही? थांबा, दाखवतो." शेठच्या मुलाला बोलावलं, त्याच्या अ‍ॅपमधून त्या व्यवहाराचा क्रमांक घेतला, आकडे-अक्षरांची लांबलचक माळ, आणि एका वेबसाइटवर टाकला. लॉगिन नाही, ओटीपी नाही, परवानगी नाही. समोर पान उघडलं. अमुक तारीख, अमुक वेळ, इतके यूएसडीटी या पत्त्यावर गेले. त्या पत्त्यावरून अकरा मिनिटांनी दुसऱ्या पत्त्यावर. तिथे आणखी कुठकुठून येऊन पडलेली नाणी. ओट्यावर बसून, चहा पीत, मी चोराचं पासबुक वाचत होतो.

हे मला माहीत नव्हतं, आणि मला वाटतं बऱ्याच जणांना माहीत नसेल. आपण समजतो क्रिप्टो म्हणजे अंधार. खरं तर ती गावाच्या चावडीवर उघडी ठेवलेली वही आहे. प्रत्येक व्यवहार तिच्यात लिहिला जातो, कुणीही वाचू शकतो, आणि लिहिलेलं खोडता येत नाही. फक्त नावाच्या रकान्यात नाव नसतं, पत्ता असतो. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने ३१ ऑक्टोबर २००८ ला बिटकॉइनचा जो मूळ निबंध आला, त्यातच हे स्पष्ट आहे की व्यवहार सगळ्यांना दिसतील, कोणता पत्ता कुणाचा ते मात्र दिसणार नाही. गुप्तता टिकली तर एवढ्या एका पडद्यावर. तो पडदा एकदा सरकला, एका पत्त्याला एक नाव चिकटलं, की त्या माणसाचे मागचे-पुढचे सगळे व्यवहार उघडे. २०१६ मध्ये बिटफिनेक्स नावाच्या बाजारातून १ लाख १९ हजारांवर बिटकॉइन चोरीला गेले. चोर ते सहा वर्षं फिरवत राहिला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकी सरकारने त्यातले ९४ हजारांवर जप्त केले. रोख नोटा असत्या तर सहा वर्षांत त्या कुठे गेल्या ते ब्रह्मदेवाला कळलं नसतं.

मग पडदा सरकवतं कोण? आपल्याकडे सरकारने तो बऱ्यापैकी सरकवून ठेवलाय, आणि तेही फार गाजावाजा न करता. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं, क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करू नका. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. बंदी जमली नाही, तेव्हा नोंद सुरू झाली. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर, आणि १ जुलैपासून ठराविक रकमेच्या वर प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस. ओरड ३० टक्क्यांवर झाली. माझ्या मते खरी गोम त्या १ टक्क्यात आहे. त्याने तिजोरी भरत नाही, पण प्रत्येक विक्रीला विकणाऱ्याचं पॅन चिकटतं. ७ मार्च २०२३ ला क्रिप्टोचे बाजार मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणले. म्हणजे बँकेसारखी केवायसी, जुन्या नोंदी जपणं, आणि संशयास्पद व्यवहार दिसला की दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला अहवाल. तुमच्याबद्दल असा अहवाल गेला तर तो तुम्हाला सांगायची त्यांना मुभा नाही. परदेशातून धंदा करणाऱ्यांनाही सोडलं नाही. बायनान्सला जून २०२४ मध्ये १८.८२ कोटींचा दंड झाला. आणि २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात, जो १ एप्रिल २०२६ पासूनचा आहे, झडतीच्या वेळी अधिकाऱ्याला माणसाच्या 'आभासी डिजिटल जागेत', म्हणजे ई-मेल, क्लाउड, ऑनलाइन खाती यांत, पासवर्ड ओलांडून शिरायचा अधिकार स्पष्ट लिहिलाय.

हे सगळं वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्या गृहस्थांचे पैसे गेले, ते निवृत्त शिक्षक आहेत असं मला त्या ठाण्यातल्या अधिकाऱ्याने फोनवर सांगितलं. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते. आमच्या बोर्डीला शाळेचं आणि मास्तरांचं काय स्थान आहे ते इथल्यांना सांगायला नको. आचार्य भिसे आणि चित्रे गुरुजींच्या गावात वाढलेल्या माणसाला 'निवृत्त मास्तर फसला' म्हटल्यावर पोटात कालवतं. त्यांचा पैसा शोधायला सरकारने वही वाचलीच पाहिजे. माग काढूच नका म्हणणाऱ्यांतला मी नाही. भाचा म्हणतो, ज्यांत पत्तेही झाकलेले असतात अशी मोनेरोसारखी नाणी आहेत, आणि माणसाला खाजगीपणा हवाच. मी त्याला म्हटलं, तुझं तत्त्व बरोबर असेल, पण तुझ्या त्या झाकलेल्या नाण्यात मास्तरांचे पैसे गेले तर ते कायमचे गेले.

तर मग माझी तक्रार काय? तक्रार अशी की उघडी वही समोर असताना माग निघाला तो माझा. चोराचं पान उघडं होतं, पण त्याला नाव नव्हतं, म्हणून ते सोडून दिलं. माझं नाव, आधार, पॅन, मोबाईल सगळं एका क्लिकवर होतं, म्हणून कुलूप मला लागलं. ते यूएसडीटी ज्या पत्त्यावर पडले होते तो गोठवायची सोय आहे. ते नाणं काढणारी टेदर कंपनी तपास यंत्रणांच्या सांगण्यावरून पत्ते गोठवते. मी फोनवर विचारलं, तिकडे पत्र गेलंय का? अधिकारी बिचारा सरळ माणूस होता. म्हणाला, "साहेब, माझ्याकडे अशा चारशे तक्रारी आहेत. बँकेला मेल करायला दोन मिनिटं लागतात, ते आधी करतो." त्याचा मला राग नाही आला. पण दोन मिनिटांत जे होतं तेच होत राहतं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि वही वाचणाऱ्यावर लक्ष कोण ठेवतो? इथे पुण्याची गोष्ट सांगावीच लागते.

गेनबिटकॉइन आठवतं? अमित भारद्वाजची योजना. बिटकॉइन गुंतवा, अठरा महिने दरमहा दहा टक्के घ्या. महाराष्ट्रात, विशेषतः पुण्यात, नोकरदार, डॉक्टर, व्यापारी, खूप लोक अडकले. तपास यंत्रणांच्या म्हणण्याप्रमाणे घोटाळा ६,६०० कोटींचा. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला पकडलं. पण पोलिसांना तेव्हा वॉलेट म्हणजे काय, ते उघडायचं कसं, जप्त कसं करायचं, याची फारशी माहिती नव्हती. त्या वेळी कुणालाच नव्हती, त्यात लाजण्यासारखं काही नाही. म्हणून बाहेरचे तज्ज्ञ घेतले. एक पंकज घोडे, आणि दुसरे रवींद्रनाथ पाटील, जे स्वतः आयपीएसची नोकरी सोडून खाजगी क्षेत्रात गेलेले. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी या दोन तज्ज्ञांनाच अटक केली. आरोप असा की तपासासाठी हाती आलेल्या वॉलेटमधली नाणी यांनी परस्पर वळवली आणि पोलिसांना फेरफार केलेले स्क्रीनशॉट दिले. हे आरोप आहेत. आपल्याला यात गोवलं गेलं, असं पाटील यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. खरं काय ते न्यायालय ठरवेल.

पण आरोप कुणावरचा आहे हे बाजूला ठेवून नुसती रचना बघा. आरोपीच्या वॉलेटची चावी तपासाच्या नावाखाली तिसऱ्याच माणसाच्या हातात गेली. वॉलेटमध्ये काय आहे याचा सरकारी पुरावा म्हणजे एक स्क्रीनशॉट. मूळ वही सगळ्या जगासमोर उघडी असताना! कुणा हवालदाराने त्याच दिवशी तो पत्ता वेबसाइटवर टाकून ताडून पाहिला असता, भाच्याने माझ्या ओट्यावर केलं तसं, तर चार वर्षं लागली नसती. पुढची गंमत म्हणजे मुख्य आरोपी अमित भारद्वाज जानेवारी २०२२ मध्ये वारला, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या भावाला सांगावं लागलं की वॉलेटचं युझरनेम आणि पासवर्ड ईडीला दे. डिसेंबर २०२३ मध्ये सगळे खटले सीबीआयकडे गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये साठेक ठिकाणी छापे पडले आणि २३.९४ कोटींचं क्रिप्टो हाती लागलं. ६,६०० च्या पुढे २४ मांडून बघा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या संध्याकाळी याच पाटलांनी आरोप केले, आणि त्या आवाजाच्या क्लिप सगळ्यांच्या फोनवर आल्या, आठवत असेल. निवडणुकीत बिटकॉइन वापरल्याचे आरोप होते, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्यावर. दोघांनीही ते फेटाळले. आमच्या कट्ट्यावर रात्री बारापर्यंत वाद रंगला, आवाज खरा की एआयचा. त्यात मीही होतो. आज आठवून हसू येतं. आवाजावर भांडणाऱ्या आम्हा दहा-बारा जणांत एकालाही सुचलं नाही की व्यवहाराचा क्रमांक मागावा. आवाज बनवता येतो, वहीतलं पान नाही. पण ते पान आपल्यालाही वाचता येतं हेच आपल्याला माहीत नसतं. नागरिक म्हणून आपण इथे कमी पडतो.

चोरीचा माग लागूनही सामान्य माणसाला त्याचा किती उपयोग होतो, तेही सांगतो. भाच्याचे स्वतःचे पैसे वझीरएक्सवर होते. आपल्या मुंबईतून चालणारा बाजार. १८ जुलै २०२४ ला तिथून सुमारे २३ कोटी डॉलर चोरीला गेले. पत्ते दुसऱ्या दिवसापासून लोकांना माहीत. पैसा कुठून कुठे चाललाय ते लोक रोज बघत होते. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने पुढे उत्तर कोरियाचं नाव घेतलं. पण ग्राहकांचे पैसे वर्षाहून जास्त काळ अडकले. भाच्याला प्रत्येक विक्रीवर १ टक्का कापून सरकारने नोंदलेलं होतं, त्याची केवायसी होती, पॅन होतं. सरकारला तो दिसत होता. त्याच्या उपयोगाला मात्र त्यातलं काहीच आलं नाही.

आता घरातली एक गोष्ट सांगतो. सांगावी की नाही, असा बराच विचार केला.

त्या ठाण्याने माझ्याकडून दोन वर्षांच्या मालाच्या पावत्या मागितल्या. शेठशी आपला व्यवहार नेहमीचा आहे हे दाखवायला. पावत्या शोधायला माळ्यावर चढलो. ट्रंकेत पावत्या मिळाल्या आणि त्यांच्याखाली आजोबांची खातेवही. लाल कापडाची, उभी बांधलेली. आत वाडीवरच्या मजुरांची नावं. सगळे वारली. नावापुढे उचल. लग्नासाठी इतके, भातासाठी इतके, आजारपणाला इतके. व्याज. पुन्हा उचल. आणि शेवटी शाईचा अंगठा. पानंच्या पानं.

१९४५ साली आमच्या या भागात काय झालं ते इथल्या लोकांना माहीत आहे. मे महिन्यात तलासरीजवळ झरीला हजारो वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही अशी शपथ घेतली. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये हे सगळं लिहिलंय. लग्नाच्या कर्जापायी पिढ्यान्‌पिढ्या राबणारे लग्नगडी हा इथलाच शब्द. त्या कर्जाची वही कुणाच्या घरी असायची? आमच्यासारख्यांच्या. आजोबा फार वाईट होते असं घरात कुणी सांगितलं नाही, बरे होते असंही मी कशावरून म्हणू? एवढं खरं की वही त्यांच्या घरात होती, वाचता त्यांना येत होती, आणि ज्याचं नाव तिच्यात होतं त्याला ती कधी दाखवली गेली असेल असं वाटत नाही. त्या वहीतला हिशोब खरा असेलही. कदाचित प्रत्येक आकडा बरोबर असेल. अंगठा लावणाऱ्याला तो तपासता येत नव्हता, एवढंच.

माळ्यावर धुळीत बसून मला त्या शनिवारी समोर उभ्या असलेल्या बाया आठवल्या. त्यातल्या एकीची आजी या वहीत असणं सहज शक्य आहे.

म्हणून खाजगीपणाचा विचार मी आता थोडा वेगळा करतो. पूर्वी मला वाटायचं, ज्याने काही केलं नाही त्याला लपवायचं काय? माझ्याकडे लपवण्यासारखं काहीही नव्हतं. शेठचे पैसे उघड, चिकू उघड, चिठ्ठ्या उघड. लपवायचं नसूनही ४३ दिवस मी स्वतःचे पैसे काढू शकलो नाही, कारण माझ्याबद्दल जे लिहिलं गेलं ते मला दिसत नव्हतं. पाचवा लेअर ही माझी ओळख कुठल्या कागदावर आहे, कुणी लिहिली, कोण कोण वाचतं, ती पुसायची कशी, हे विचारायला खिडकीच नाही.

कायदा काय म्हणतो तेही वाचलं, दुसरं काम नव्हतं. माणसाची कागदपत्रं बँकेकडे असली म्हणून त्यांवरचा त्याचा खाजगीपणाचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात म्हटलंय. २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. सरकारला त्यात शिरायचं तर कायदा हवा, योग्य कारण हवं, आणि जेवढ्यास तेवढंच शिरायला हवं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पोलिसांनी मालमत्ता जप्त केली की मॅजिस्ट्रेटला लगेच कळवायचं असतं. २०२३ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशाच गोठवलेल्या खात्यांच्या प्रकरणात सांगितलं की वादाची जेवढी रक्कम पोलिसांनी कळवली तेवढ्यावरच अडकाव ठेवा, सगळं खातं बंद करू नका. म्हणजे ३८,४०० रुपयांसाठी माझे २ लाख ६० हजार अडवणं कशातच बसत नव्हतं. मी त्या अधिकाऱ्याला विचारलं, माझ्या बाबतीत मॅजिस्ट्रेटला कळवलंय का? फोन कट नाही झाला, पण बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज येत होता.

आणि दुसऱ्या बाजूला काय चाललंय? २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला. नाव चांगलं आहे. त्यात केंद्र सरकारला अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना कायद्यातून वगळता येतं. आणि त्याच कायद्याने माहिती अधिकाराचं कलम ८(१)(ञ) बदललं. पूर्वी वैयक्तिक माहिती सार्वजनिक हितासाठी देण्याची वाट त्या कलमातच होती, आता ते कलम 'वैयक्तिक माहिती' एवढ्यावरच थांबतं. ग्रामपंचायतीतल्या लाभार्थ्यांच्या यादीपासून रेशनपर्यंत माहिती अधिकारावर कामं करणारी माणसं आपल्यात आहेत, त्यांना विचारा याचा अर्थ काय होतो. आपली वही त्यांना दिसणार, त्यांची आपल्याला नाही. हे मी माळ्यावर बघून आलोय.

मला हवंय ते फार मोठं नाही. गोठवा, पण वादाची रक्कम. गोठवलं त्याच दिवशी खातेदाराला लेखी कळवा, कुठलं प्रकरण, कोण अधिकारी, हरकत कुठे घ्यायची. बँकेच्या साहेबांनी मला ई-मेलचा कागदसुद्धा हातात दिला नाही, स्क्रीन वळवून दाखवली. कुणा अधिकाऱ्याने कुणाच्या नोंदी कधी उघडल्या, याचीही न खोडता येणारी नोंद राहू दे. चोराच्या व्यवहारांची राहते तर सरकारच्या का नाही? तंत्र तेच आहे. आणि तपासासाठी वॉलेट ताब्यात घेतलं तर त्याचा पत्ता आणि शिल्लक त्याच दिवशी न्यायालयात दाखल व्हावी, म्हणजे पुण्यासारखा स्क्रीनशॉटचा घोळ पुन्हा होणार नाही. आपल्या खासदार-आमदारांपैकी एकाने जरी हे सभागृहात विचारलं तरी मला समाधान आहे. पक्ष कुठलाही चालेल.

माझं खातं ४४ व्या दिवशी उघडलं. त्यासाठी चिकूच्या चिठ्ठ्या, सातबारा, शेठचं पत्र आणि अकरा ई-मेल लागले. ३८,४०० अजून अडकलेलेच आहेत. आणि खरं सांगायचं तर त्यांच्यावर हक्क कुणाचा हे मला नक्की सांगता येत नाही. मी माल दिलाय, क्रेट मोजून दिलेत. पण मास्तरांनीही काही दिलं नव्हतं का? शेठने ते पैसे मला दुसऱ्यांदा द्यायची तयारी दाखवली, मी म्हटलं थांबू. मुलगा आता अ‍ॅप काढून टाकलंय म्हणतो. बापासमोर म्हणतो.

काल भाच्याने पुण्याहून पुन्हा तो पत्ता उघडून बघितला आणि मला स्क्रीनशॉट पाठवला. मी म्हटलं स्क्रीनशॉट नको, लिंक पाठव. त्याने पाठवली. परवा रात्री २ वाजून १७ मिनिटांनी तिथली सगळी नाणी पुढच्या पत्त्यावर गेली आहेत. लिंक मी त्या ठाण्याला मेल केली आहे. हा बारावा ई-मेल. आपल्यापैकी कुणाचं खातं असं गोठलं असेल, किंवा परराज्यातल्या ठाण्याकडून लेखी उत्तर कसं मिळवायचं हे कुणाला ठाऊक असेल, तर इथे लिहा, नाहीतर सरळ वाडीवर या. संध्याकाळी पाचनंतर मी असतो.